हृदयाचा कर्करोग जिवंतपणी ओळखता येऊ लागला, त्याची गोष्ट

बंगळुरूच्या रुग्णालयांतून अधूनमधून एक बातमी येते. एखाद्या रुग्णाच्या हृदयातून लिंबाएवढी गाठ काढली, शस्त्रक्रिया यशस्वी झाली, रुग्ण चालत घरी गेला. अशा बातम्यांतली गाठ बहुधा ‘मिक्सोमा’ असते. ती मऊ, जेलीसारखी आणि सौम्य असते, डाव्या अलिंदाच्या पडद्याला देठाने लटकलेली असते. ती वेळेत सापडली आणि मुळासकट निघाली की रुग्ण सहसा पुढचे आयुष्य नीट जगतो. ज्या गाठीची बातमी क्वचितच होते ती वेगळी. ती हृदयातच जन्म घेते, हृदयाच्या भिंतीत पसरते आणि तिचे नाव कळेपर्यंत पुष्कळदा फुप्फुसांतही पोहोचलेली असते. हृदयाच्या या प्राथमिक घातक अर्बुदांचा इतिहास म्हणजे मुख्यतः ती न दिसण्याचा इतिहास आहे. तो बदलण्यात बंगळुरूचा जो वाटा आहे, तो कोणत्याही रुग्णालयात सुरू झाला नाही.

आधी दुर्मीळपणाचे माप. 1945 साली स्ट्रॉस आणि मर्लिस या अमेरिकी संशोधकांनी सुमारे 4 लाख 80 हजार शवविच्छेदनांच्या नोंदी एकत्र केल्या. हृदयात उगम पावलेल्या गाठींचे प्रमाण त्यांना 0.0017 टक्के आढळले. अर्ध्या शतकाने, 1996 मध्ये, राइनेन यांनी 22 मोठ्या शवविच्छेदन-मालिका तपासल्या, तेव्हा हेच प्रमाण 0.02 टक्क्यांच्या आसपास निघाले. दोन आकड्यांत दसपटीहून अधिक अंतर आहे. ही वाढ रोगाचीच आहे असे मानण्याचे कारण नाही. कोणत्या गाठीला गाठ म्हणायचे, गोठलेले रक्त कोणते आणि अर्बुद कोणते, याचे निकष मधल्या काळात बदलले होते. राइनेन यांचा आकडा धरला आणि त्यातल्या साधारण एक चतुर्थांश गाठी घातक मानल्या, तर ढोबळमानाने 20,000 शवविच्छेदनांमागे एक घातक प्राथमिक गाठ असा हिशेब येतो. याउलट फुप्फुस, स्तन, त्वचा किंवा रक्ताच्या कर्करोगातून हृदयापर्यंत पसरलेल्या दुय्यम गाठी कितीतरी पटींनी अधिक सापडतात. त्यामुळे हृदयात कर्करोग दिसला की अनुभवी डॉक्टर पहिला प्रश्न विचारतो: हा आला कुठून?

हृदयाला कर्करोग इतका क्वचित का होतो? नेहमीचे उत्तर असे की हृदयाच्या स्नायूपेशी जवळपास विभाजितच होत नाहीत. त्याला भक्कम आधारही आहे. शीतयुद्धातील अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या कार्बन-14 चा माग पेशींच्या डीएनएमध्ये काढून स्वीडनमधील योनास फ्रिसेन यांच्या गटाने 2009 मध्ये दाखवून दिले, की पंचविशीत वर्षाला सुमारे 1 टक्का हृदयस्नायूपेशी नव्या होतात आणि पंचाहत्तरीपर्यंत हे प्रमाण अर्ध्या टक्क्याहून खाली येते. जिथे विभाजन कमी तिथे विभाजनातल्या चुका कमी. पण हे उत्तर अर्धेच आहे. हृदयातले बहुतेक घातक अर्बुद ‘सार्कोमा’ प्रकारचे असतात, आणि प्रौढांमध्ये त्यांतला प्रमुख ‘अँजिओसार्कोमा’ स्नायूपेशींतून उगवतच नाही. तो रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशींसारख्या पेशींचा असतो, आणि त्या पेशी तर हृदयात विपुल असून नव्याही होत राहतात. पाठ्यपुस्तकातले सोपे स्पष्टीकरण इथे अडखळते, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

हृदयातल्या गाठीची सर्वांत जुनी म्हणून सांगितली जाणारी नोंद 1559 सालच्या ‘दे रे अनातोमिका’ या लॅटिन ग्रंथात आहे. लेखक रेआल्दो कोलोम्बो हा पादुआत वेसालिअसच्या जागी शिकवलेला शरीररचनाकार. गांबारा नावाच्या कार्डिनलच्या डाव्या निलयात अंड्याएवढी, अतिशय कठीण अशी गाठ आपण रोममध्ये पाहिली, असे तो लिहितो. ती खरोखर अर्बुद होती की भिंतीला चिकटून कडक झालेली रक्ताची गुठळी, हे आज ठरवता येणार नाही. हा संशय त्या एका नोंदीपुरता नाही. 1666 मध्ये मार्चेल्लो माल्पिगी याने हृदयातल्या ‘पॉलिप’वर स्वतंत्र निबंध लिहिला. त्यात ज्याचे वर्णन आहे ते गोठलेले रक्त आहे. त्या काळच्या वैद्यांपुढे मृत हृदय उघडे असे, हातात धरता येई, तरीही गुठळी आणि गाठ यांत गल्लत होई. आजचा हृदयरोगतज्ज्ञ पडद्यावर एक राखाडी गोळा पाहतो, तेव्हा त्याच्या पुढ्यात हाच जुना प्रश्न असतो.

कोलोम्बोनंतर जवळजवळ पावणेचारशे वर्षे हे निदान शवागारातच होत राहिले. 1934 मध्ये अमेरिकेत बार्न्स, बीव्हर आणि स्नेल यांनी एका रुग्णाच्या हृदयातला सार्कोमा तो जिवंत असतानाच ओळखला. त्यांच्याजवळ हृदयाचे चित्र नव्हते. विद्युत-आलेखातले बदल होते आणि शरीरात इतरत्र पसरलेल्या रोगाचा काढलेला तुकडा होता. हृदयाला हात न लावता, त्याने बाहेर पाठवलेल्या पेशी वाचून केलेले हे निदान होते. त्याचा रुग्णाला उपयोग होण्याची शक्यता अर्थातच नव्हती. रोग पसरला होता, म्हणून तर तो ओळखता आला.

भारतापुरता विचार केला तर या काळात आणखी एक पडदा होता: संधिवाताच्या तापाने होणारा झडपांचा आजार. डाव्या अलिंदातली लोंबती गाठ प्रत्येक ठोक्याला मायट्रल झडपेच्या तोंडाशी येते आणि रक्ताची वाट अडवते. अरुंद झालेली झडप नेमके हेच करते. दोन्हींत दम लागतो, पाय सुजतात, स्टेथोस्कोपला जवळपास सारखी घरघर ऐकू येते. फरक असला तर सूक्ष्म. गाठ खाली आपटताना एक बोजड आवाज येतो, किंवा रुग्ण सांगतो की बसल्यावर घेरी येते आणि कूस बदलली की बरे वाटते. ज्या देशात तरुण वयातच झडपा अरुंद झालेले रुग्ण बाह्यरुग्ण विभागात रांगेने उभे असत, तिथे हजारांतल्या एकाच्या कुशीकडे लक्ष जाणे कठीण होते. 1950 च्या दशकात, वेल्लोर आणि मुंबईच्या के.ई.एम.सारख्या ठिकाणी भारतातली हृदयशस्त्रक्रिया बाळसे धरत होती, त्या वेळची जगभरची पद्धत अशी होती की धडधडत्या हृदयाच्या अलिंदात शल्यचिकित्सक बोट घालून झडप मोकळी करीत असे. झडप शोधायला गेलेल्या बोटाला अचानक मऊ गोळा लागणे, हे त्या काळच्या जागतिक साहित्यात गाठीच्या ‘निदाना’चे एक नोंदलेले रूप आहे.

याच दशकात दोन गोष्टी घडल्या. 1954 मध्ये स्टॉकहोमचे क्लॅरेन्स क्राफूर्ड यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या मदतीने डाव्या अलिंदातला मिक्सोमा यशस्वीपणे काढला. म्हणजे गाठ ओळखण्याला प्रथमच व्यावहारिक अर्थ आला. दुसरी गोष्ट त्याआधीच, 1953 च्या ऑक्टोबरात, स्वीडनमधल्याच लुंड गावी झाली. इंगे एडलर हे हृदयरोगतज्ज्ञ आणि हेलमुट हर्ट्झ हे भौतिकशास्त्रज्ञ यांनी धातूतल्या भेगा शोधण्याचे श्राव्यातीत ध्वनीचे यंत्र माणसाच्या छातीवर टेकवले. एडलर यांना मायट्रल झडपेचा अभ्यास करायचा होता, गाठ त्यांच्या मनातही नव्हती. पण सहा वर्षांत, 1959 मध्ये, जर्मनीत एफर्ट आणि डोमानिग यांनी त्याच ध्वनिप्रतिध्वनीतून अलिंदातली गाठ ओळखल्याचे प्रसिद्ध केले. आज तालुक्याच्या गावीही होणाऱ्या ‘टू-डी इको’ची ही वंशावळ. तोपर्यंत गाठ पाहायची तर हृदयात नळी सारून रंगद्रव्य सोडावे लागे, आणि ती नळी ठिसूळ गाठीला लागून तिचा कण मेंदूत जाण्याची भीती असे. ध्वनीने ती भीती संपवली.

मात्र ध्वनीलाही मर्यादा आहेत. तो हाडातून आणि हवेतून नीट जात नाही. उजव्या अलिंदाच्या बाहेरच्या भिंतीत, जिथे अँजिओसार्कोमा बहुधा सुरू होतो, तिथे छातीवरून केलेली इको चकू शकते. गाठ भिंतीच्या पलीकडे किती गेली आहे, हृदयावरणात शिरली आहे का, महाशिरेला तिने वेढले आहे का, हे तिला नेमके सांगता येत नाही. त्यासाठी शरीराचा छेद न घेता छेदाचे चित्र हवे होते. इथे गोष्ट बंगळुरूला येते.

1970 च्या सुमारास जी. एन. रामचंद्रन मद्रासहून बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले आणि तिथे त्यांनी रेण्वीय जीवभौतिकीचा विभाग उभारला. कोलॅजेन या प्रथिनाची तिपेडी रचना आणि प्रथिनांच्या घड्यांचा ‘रामचंद्रन आलेख’ यांमुळे त्यांचे नाव आधीच जगभर झाले होते. त्यांचा सहकारी ए. व्ही. लक्ष्मीनारायणन. दोघांचा प्रश्न वैद्यकाचा नव्हता. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून एखाद्या वस्तूच्या वेगवेगळ्या कोनांतून सावल्या मिळतात. त्या सावल्यांवरून मूळ वस्तू पुन्हा कशी घडवायची?

सर्वांत साधा मार्ग असा: प्रत्येक सावली ज्या दिशेने आली त्याच दिशेने कागदावर परत फासत न्यावी, आणि सर्व फासटे एकमेकांवर पडू द्यावेत. जिथे वस्तू होती तिथे काळोख दाटतो. पण त्याभोवती धुक्याचे वलयही उरते, कारण प्रत्येक फासटा वस्तूच्या अलीकडे आणि पलीकडेही पसरलेला असतो. हे धुके काढण्यासाठी तेव्हा फूरिए रूपांतरांची लांबलचक आकडेमोड करावी लागे, आणि त्या काळच्या संगणकांना ती झेपत नसे. रामचंद्रन आणि लक्ष्मीनारायणन यांनी वाट उलटी केली. फासण्याआधीच प्रत्येक सावलीवर एक ठरावीक गणिती चाळणी चालवायची. ती कडा ठळक करते आणि कडेच्या दोन्ही बाजूंना थोडी ऋण किंमत पेरते. मग सावल्या एकमेकींवर पडल्या की धुके आपोआप वजा होते. या पद्धतीत फूरिए रूपांतराची गरजच उरत नाही. वेळ वाचतो, चित्रही स्वच्छ येते. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात हा लेख सप्टेंबर 1971 मध्ये आला. त्यावर बंगळुरूच्या संस्थेचे नाव आहे.

लागलीच, 1 ऑक्टोबर 1971 रोजी, लंडनजवळच्या अ‍ॅटकिन्सन मोर्ले रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे सीटी चित्र घेतले. दोन्ही कामांचा एकमेकांशी संबंध नव्हता. हाउन्सफील्ड यांच्या पहिल्या यंत्रात वेगळी, टप्प्याटप्प्याने सुधारत जाणारी आकडेमोड होती. परंतु पुढल्या काही वर्षांत सीटी यंत्रांनी चाळणी लावून फासण्याचीच पद्धत स्वीकारली, आणि ती चाळणी आजही ‘राम-लॅक’ या नावाने अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना भेटते. तसल्याच गणितापर्यंत ब्रेसवेल आणि रिडल हे रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ 1967 मध्ये पोहोचले होते, हेही सांगितले पाहिजे. बंगळुरूच्या जोडीने ते स्वतंत्रपणे शोधले. 1979 चे वैद्यकाचे नोबेल हाउन्सफील्ड आणि कॉर्मॅक यांना मिळाले.

मेंदू कवटीत स्थिर असतो, म्हणून सीटीची सुरुवात तिथून झाली. सुरुवातीच्या यंत्राला एका फेरीला चार-पाच मिनिटे लागत. तेवढ्या वेळात हृदय तीनशेहून अधिक वेळा आकुंचन पावते. त्या चित्रात हृदयाचा नुसता ढग दिसला असता. विद्युत-आलेखाच्या तालावर, ठोक्याच्या एकाच क्षणाची माहिती गोळा करण्याची युक्ती आणि एका फेरीत अनेक छेद घेणारी यंत्रे आली, तेव्हा कुठे हृदय स्थिर दिसू लागले. मधल्या काळात एमआरआय आले. गुठळीत रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे गॅडोलिनियम टोचल्यावरही ती बहुधा काळीच राहते, तर अर्बुद उजळते. माल्पिगीला सतावणाऱ्या प्रश्नाला साडेतीनशे वर्षांनी चुंबकाने बऱ्यापैकी उत्तर दिले. पेटस्कॅन गाठ साखर किती अधाशीपणे खाते ते दाखवतो. रुंद बुड, एका थरातून दुसऱ्यात घुसखोरी, उजवी बाजू, हृदयावरणात पाणी अशी लक्षणे एकत्र आली की संशय बळावतो.

आणि इथेच भारतीय रुग्णाची खरी अडचण सुरू होते. हृदयावरणात रक्तमिश्रित पाणी साचलेला तिशी-चाळिशीतला रुग्ण, बारीक ताप, घटलेले वजन, गेलेली भूक. या चित्राचे नाव भारतातल्या कोणत्याही वैद्यकीय विद्यार्थ्याला विचारले तर तो क्षयरोग म्हणेल, आणि बहुतेक वेळा तो बरोबर असेल. अँजिओसार्कोमाचे चित्रही नेमके हेच असते. पाणी काढून तपासले तरी त्यात कर्करोगाच्या पेशी पुष्कळदा सापडत नाहीत, कारण गाठ पाण्यात पेशी फारशा सोडत नाही. क्षयाचे जंतू तर खऱ्या क्षयातही त्या पाण्यात अनेकदा मिळत नाहीत. दोन्ही चाचण्या नकारार्थी आल्यावर डॉक्टर शक्यतेच्या बाजूने झुकतो आणि क्षयाची औषधे सुरू करतो. सोबत स्टेरॉइड दिले असेल तर काही आठवडे बरेही वाटते. मग पाणी पुन्हा भरते. गेलेले हे आठवडे महाग असतात, कारण या गाठीत निदानानंतरचे आयुष्य सामान्यतः वर्षाच्या आसपास मोजले जाते, आणि पूर्ण काढता येण्याची संधी ती भिंतीतच असेपर्यंत असते. डॉक्टरला अडाणी म्हणणे इथे सोपे आणि चुकीचे ठरेल. हजारो क्षयरुग्णांत एक सार्कोमा लपलेला असेल, तर प्रत्येकात सार्कोमा शोधणे हाही रुग्णांवरचा अन्यायच. शहाणपण औषधाला प्रतिसाद न मिळाल्याचे वेळेवर ओळखण्यात आहे: पाणी परत भरले, की इकोवर थांबायचे नाही, छेदचित्र घ्यायचे आणि मांसाचा तुकडा मिळवायचा.

तुकडा मिळवणे हाही एक इतिहास आहे. 1962 मध्ये जपानचे साकाकिबारा आणि कोन्नो यांनी शिरेतून हृदयात नेता येणारा चिमटा बनवला. धडधडत्या हृदयाच्या आतून कण खुडून आणणारे हे उपकरण मुळात स्नायूच्या आजारांसाठी होते. गाठीसाठी ते वापरताना भिंत फाटण्याचा धोका असतो, म्हणून अन्ननलिकेतून इको करीत, पाहत पाहत चिमटा पुढे सरकवला जातो. धोका पत्करण्याचे कारण ‘लिंफोमा’ हे आहे. हृदयातला लिंफोमा चित्रात सार्कोमासारखाच दिसू शकतो. सार्कोमाला शक्य असेल तर सुरी लागते. लिंफोमाला सुरीची गरज नसते, तो औषधांनी वितळू शकतो. दोन रुग्णांची चित्रे सारखी, वाटा विरुद्ध, आणि वाट ठरवणारा पुरावा तांदळाच्या कणीएवढा.

बंगळुरूत ही वाट शहराच्या नकाशावर पाहता येते. हृदय बन्नेरघट्टा रस्त्यावरच्या जयदेव संस्थेत किंवा एखाद्या खासगी रुग्णालयात तपासले जाते. कर्करोगाचे उपचार होसूर रस्त्यालगतच्या किदवई संस्थेत होतात. हृदयरोगाच्या डॉक्टरला कर्करोग क्वचित भेटतो, कर्करोगाच्या डॉक्टरला हृदय क्वचित. असा रुग्ण दोन्ही विद्याशाखांत परका असतो. विकृतिशास्त्रज्ञ मधला दुवा ठरतो, आणि त्यालाही आयुष्यात अशा गाठी मोजक्याच दिसतात. मुंबईत के.ई.एम.च्या सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात हृदय आणि छातीच्या विकृतिशास्त्राचा वेगळा विभाग शवविच्छेदनांच्या आधारावर उभा राहिला. अशी शवविच्छेदने जगभर घटत चालली आहेत. चित्रे जितकी सुधारली तितके ती तपासून पाहणे कमी झाले.

उरतो मोजणीचा प्रश्न, आणि तोही बंगळुरूतच येऊन थांबतो. भारतात लोकसंख्येवर आधारलेली पहिली कर्करोग नोंदणी 1963 मध्ये मुंबईत, डॉ. दाराब जस्सावाला यांच्या पुढाकाराने इंडियन कॅन्सर सोसायटीने सुरू केली. 1982 पासून राष्ट्रीय कार्यक्रमाखाली मुंबई आणि चेन्नईबरोबर बंगळुरूचीही नोंदणी चालू झाली, ती किदवई संस्थेत. देशभरच्या या नोंदी आज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय रोगमाहिती व संशोधन केंद्रात जमा होतात. ते केंद्र बंगळुरूच्या विमानतळाजवळ आहे. 2020 साठी देशातल्या नव्या कर्करोगरुग्णांचा 13 लाख 92 हजार 179 हा अंदाज तिथूनच आला.

या आकड्यात हृदयाचे किती? आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणात हृदयाच्या कर्करोगाला स्वतःचा संकेतांक आहे, सी 38.0. परंतु नोंदणीच्या तक्त्यांत तो एकटा छापला जात नाही. सी 37 आणि सी 38 मिळून ‘छातीतील इतर अवयव’ अशी एक ओळ असते, आणि तिच्यात थायमस ग्रंथी, छातीच्या मधल्या पोकळीतल्या गाठी आणि हृदय एकत्र बसतात. फुप्फुसधमनीच्या अस्तरात उगवून हृदयाकडे पसरणारा सार्कोमा महावाहिन्यांचा म्हणून सी 49 मध्ये, मऊ ऊतींच्या खात्यात जातो. हृदयातला लिंफोमा लिंफोमाच्या खात्यात जातो. क्षय समजून उपचार झालेला आणि शवविच्छेदनाविना गेलेला रुग्ण कोणत्याच खात्यात जात नाही.